बादलीतला हात

माझा तास शाळेत कुणीही मागू शकत असे. गणिताचे सर मागत, इंग्रजीच्या बाई मागत, स्नेहसंमेलन जवळ आलं की नाच बसवणारेही मागत. "इंगोले मॅडम, आजचा तुमचा तास देता का जरा? माझा एक धडा राहिलाय," असं म्हणत म्हणत ते माझ्या वर्गात शिरलेले असत. 'देता का' एवढा शिष्टाचार झाला की मी खडूचा डबा उचलून बाहेर. चित्रकलेवाचून कुणाचं काही अडत नाही, अशी शाळेची पक्की समजूत होती.

अकोल्याच्या एका मराठी शाळेत मी निवृत्त होईपर्यंत चित्रकला शिकवली. आता अमरावतीला लेकाकडे असते. इथल्या शेजारणी विचारतात, "तुम्ही काय शिकवत होत्या?" मी सांगितलं की म्हणतात, "बरं होतं मग, डोक्याला ताप नाही." मी हसते आणि चहा ठेवते. त्यांना काय सांगू की चित्रकलेच्या बाईला चित्रकला सोडून बाकी सगळं करावं लागतं. पाहुणे आले की दारात रांगोळी मी काढायची, फळ्यावर स्वागत मी लिहायचं, गॅदरिंगचा पडदा मी रंगवायचा, कुणी निवृत्त झालं की मानपत्र मी लिहायचं. माझं स्वतःचं मानपत्रसुद्धा मीच लिहिलं. अक्षर चांगलं असण्याची ही शिक्षा आहे.

पालकही एकेक भेटले. एका शेतकरी बापानं मला शाळेच्या फाटकात थांबवून विचारलं होतं, "मॅडम, चित्रकलेत नापास करता का जी पोट्ट्याले? करत नसान तर त्या दिवशी त्याले वावरात नेत जातो." विचारण्यात काही खोट नव्हती, अगदी सरळ चौकशी होती. एकदा वस्तुचित्रासाठी मी टेबलावर तांब्या, वांगं आणि केळं मांडलं होतं. मुख्याध्यापकांनी बोलावलं म्हणून बाहेर गेले आणि परत आले तर केळं कुणीतरी खाल्लेलं. त्या दिवशी अर्ध्या वर्गाच्या चित्रात केळं आहे आणि अर्ध्या वर्गाच्या चित्रात साल. सालवाल्यांना मी जास्त गुण दिले, कारण त्यांनी जे समोर होतं ते काढलं होतं.

माझं काम खरं तेवढंच होतं. समोर आहे ते मुलांना बघायला लावायचं. मुलं वांगं न बघता वांगं काढतात, आईला न बघता आई काढतात. सगळ्यांची आई सारखी, गोल चेहरा आणि मोठी टिकली. "तुझी आई अशी दिसते का रे?" म्हटलं की मुलगा गोंधळतो. त्याला खरंच आठवत नसतं, कारण रोजच्या माणसाकडे आपण बघतच नाही. त्यावर उपाय म्हणून मी उन्हाळी शिबिरात एक उपक्रम सुरू केला. त्याचं नाव 'घरातला एक हात'.

उपक्रम सोपा होता. पत्र्याच्या ट्रेमध्ये शाडूच्या मातीचा जाड थर थापायचा, वर ओलं फडकं घालायचं आणि ट्रे घरी न्यायचा. घरातल्या एका माणसाचा हात त्या मातीत दाबून घ्यायचा आणि सकाळी ट्रे परत आणायचा. मातीत हाताचा खड्डा तयार झालेला असतो. त्यात प्लास्टर ऑफ पॅरिस कालवून ओतलं की थोड्या वेळानं ते घट्ट होतं, माती धुऊन काढली की पांढराशुभ्र हात हातात येतो. रेषा, सुरकुत्या, नखं, बोटातली अंगठी, सगळं उमटतं. मुलं तो हात उलटसुलट करून बघत बसत. आईच्या तर्जनीवर विळीचा जुना व्रण आहे हे कित्येकांना प्लास्टरमध्ये पहिल्यांदा दिसलं. अर्थात गमतीही होत. एका ट्रेमध्ये आजोबांच्या हाताशेजारी मांजराचा पंजा उमटून आला होता, आणि तो आजोबांपेक्षा सुबक होता.

कांचन त्या वर्षी नववीची परीक्षा देऊन शिबिरात आली होती. उंच, बारीक, दोन घट्ट वेण्या आणि वेण्यांना भरपूर खोबरेल. माझ्या सगळ्या नोकरीत हात म्हणावा असा हात ज्या चार-दोन मुलांना होता, त्यातली ती एक. तिची रेघ थरथरत नसे. इंटरमिजिएटची ग्रेड परीक्षा तिनं द्यावी आणि पुढे चित्रकलाच करावी असं मला फार वाटत होतं. तिच्या घरी आई, वडील आणि ती. वडिलांना सगळे गजाननभाऊ म्हणत. जुन्या शहरात एका पिठाच्या गिरणीवर ते काम करायचे. पालकसभेला येत, मागच्या भिंतीला टेकून उभे राहत, उजवा हात पँटच्या खिशात. मला वाटायचं, उभं राहण्याची ढब असेल एकेकाची.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे ट्रे आले. कांचनचा ट्रे होता तसा परत आला, माती गुळगुळीत.

"काय गं, कुणी सापडलं नाही का घरात?"

"बाबा नाई म्हणते, मॅडम."

"मग आईचा घे."

"मले बाबाचाच पायजे."

मी म्हटलं, घरी नेऊन आणखी एकदा विचार. इतर मुलांचे ट्रे रांगेत लावून मी कामाला लागले. आता इथे प्लास्टरबद्दल एक गोष्ट सांगावी लागेल. प्लास्टर थंड पाण्यात कालवायचं असतं. पाणी गरम असेल तर ते बघता बघता दगड होतं. शिवाय घट्ट होताना ते स्वतःच तापतं, आणि जितका मोठा गोळा तितकं जास्त. अकोल्याचा एप्रिल महिना म्हणजे गच्चीवरच्या टाकीचं पाणी सकाळी दहालाच चहा करण्याजोगं. नळाखाली हात धरवत नाही. म्हणून शिबिराच्या दिवसांत मी आदल्या दिवशीच वर्गातला रांजण भरून ठेवत असे आणि प्लास्टरला तेवढंच पाणी वापरत असे. मुलांना सांगितलेलं होतं, पाणी रांजणातलंच घ्यायचं. त्यांनी ते ऐकलंही होतं. पण का, ते मी कधी सांगितलं नव्हतं. मुलांना वाटलं, मॅडमची एक पद्धत.

त्याच्या पुढच्या दिवशी मी वर्गात साचे भरत होते. मागच्या अंगणात कडुनिंबाखाली नळ होता, तिथे मुलं माती धुवायची. खिडकीतून आवाज आला. मोठा नव्हता, हाक मारावी की नाही असा विचार करत मारलेली हाक होती ती.

"मॅडम."

मी म्हटलं, "आले."

"मॅडम, हात निघून नाई राहिला."

बाहेर जाऊन पाहते तर कांचन नळाजवळ उकिडवी बसलेली. समोर रंगाची रिकामी प्लास्टिकची बादली, ती अर्धी प्लास्टरनं भरलेली, आणि तिचा उजवा हात मनगटाच्या वरपर्यंत आत. तिनं प्लास्टर वर्गातून घेतलं होतं, पाणी समोरच्या नळाचं. रांजणावर मुलांची गर्दी होती आणि नळ हाताशी होता. मी बाहेरून बादलीला हात लावला. बादली कोमट लागत होती.

"ओढ बरं हात."

तिनं ओढला. बादली हाताबरोबर उचलली गेली. मनगट बारीक आणि पंजा रुंद. लहान बांगडी हातात चढते पण उतरत नाही, तसा प्रकार.

"पोळून राहिलं का?"

"थोडंसं," ती म्हणाली. तिच्या ओठावर घाम आला होता आणि चेहरा पांढरा पडला होता, तरी 'थोडंसं'.

शिबिरात विज्ञानाची खेळणी शिकवायला आमचे खानसर होते. त्यांना मी अशी हाक मारली की पलीकडच्या गल्लीतली माणसं भिंतीवरून डोकावली. खानसर धावत आले, एक नजर टाकली आणि तसेच उलटे पळाले. मला वाटलं घाबरले. ते प्रयोगशाळेतली लोखंड कापायची करवत घेऊन परत आले.

"खेचू नका मॅडम, बिलकूल खेचू नका. आधी बादली कापू. पोट्टेहो, रांजणाचं पाणी आणा, सगळं आणा! बेटा, तू इकडे पाहू नको, मॅडमकडे पाय."

ते बादली कापत होते आणि मी तिचं डोकं छातीशी धरून बसले होते. मुलं तांब्या, डबे, बाटल्या, मिळेल त्यात पाणी आणून ओतत होती. बादली फुटली तसा पांढरा गोळा बाहेर आला. नशीब एवढं की तो अजून पुरता दगड झाला नव्हता, जुन्या बर्फीसारखा होता. मी माती कोरायची पटाशी घेतली. हे काम खानसरांना द्यायला मी तयार नव्हते. कुठे बोटं असतील, कुठे अंगठा वळला असेल, ते मला कळत होतं. इतकी वर्षं हातच तर काढत आले होते. मनगटापासून एकेक तुकडा उचकटत गेले, वर मुलं पाणी ओतत होती. अंगठा सुटला, तर्जनी सुटली, मग बाकीची बोटं एकदमच आली. वेण्यांना लावायचं खोबरेल तिनं आधीच हाताला चोपडलेलं होतं, त्यानं फार उपकार केले.

हात बाहेर आला तो लालबुंद. मधल्या दोन बोटांवर फोड यायला लागले होते आणि अंगठ्याच्या मुळाशी माझ्या पटाशीचा एक ओरखडा होता. पण बोटं हलत होती. मी तिला सांगितलं, "मूठ मिट." तिनं मिटली. "उघड." तिनं उघडली. मग मात्र मला रडू आलं. खानसर दुसरीकडे बघत करवत पुसत राहिले.

शाळेजवळच एका डॉक्टरांचा दवाखाना होता. तिथे जाईपर्यंत आम्ही हात पाण्यातच ठेवला होता. डॉक्टरांनी नीट पाहिलं, प्रत्येक बोटाला हात लावून 'कळतं का?' विचारलं आणि म्हणाले, "वरवरचं आहे. फोड फोडू नका. महिन्याभरात पाहायला गेलं तर दिसणारही नाही." माझ्या नोकरीत एवढं गोड वाक्य मला कुणी ऐकवलेलं नाही.

खानसरांनी गिरणीवर फोन केला होता. फोनवर ते काय बोलले ते मी ऐकलं होतं. "कांचनचा हात शाळेत बादलीत अडकला होता, आता निघाला, काळजी नाही." पण गिरणी चालू, पट्ट्याचा आवाज. पलीकडे बहुतेक 'हात अडकला' एवढंच पोचलं.

गजाननभाऊ सायकल दवाखान्याच्या पायरीवर टाकून आत आले. अंगभर पीठ. डोक्यावर, भुवयांवर, हातांवर पीठ. आल्याआल्या त्यांनी कांचनचा पट्टी बांधलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, आणि त्या वेळी त्यांचा उजवा हात मी पहिल्यांदा पाहिला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मुळापासून नव्हतं. मधलं बोट वाकून कायमचं आखडलेलं. राहिला अंगठा आणि तर्जनी. त्या दोन बोटांनी ते पट्टीवरून पोरीची बोटं चाचपत होते. एकदा अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, मग परत करंगळीपासून अंगठ्यापर्यंत.

"पाचही हायेत, बाबा," कांचन म्हणाली.

मग मला कळलं, हा माणूस गिरणीपासून इथपर्यंत काय डोळ्यांपुढे धरून सायकल चालवत आला असेल. पूर्वी ते बार्शीटाकळीला जिनिंगमध्ये होते. सरकीतून कापूस वेगळा करणाऱ्या यंत्रात त्यांचा हात गेला होता. कांचन तेव्हा पाळण्यात होती. तिनं बापाचा धड हात कधी पाहिलेलाच नव्हता.

भीती ओसरली की राग येतो, तसा तो आला. माझ्यावर यायला हवा होता, मी त्यासाठी तयारही होते. पण ते माझ्याशी आवाज न चढवता बोलले आणि ते जास्त लागलं.

"मॅडम, उद्यापासून पोरगी येणार नाई. चित्र नाई, माती नाई, काईच नाई. हात गेला तर काय होते ते तुमाले माहीत नाई. मले माहीत हाये."

"तुमचं बरोबर आहे, भाऊ," मी म्हणाले.

मग ते लेकीकडे वळले. "आन् तू काहून घातला व हात त्याच्यात? कोनी सांगतलं होतं?"

कांचन पट्टीकडे बघत राहिली. डॉक्टर लिहायचे थांबले. ती म्हणाली, "तुमच्यासाठी."

"माह्यासाठी?"

"मातीत दाबला तर शाळेत सगळे त्या खड्ड्यात तुमची बोटं पायते. म्हणून तुमी नाई म्हणता, मले माहीत हाये. बादलीत घातला का खड्डा आतच राह्यते, वरून दिसत नाई. नुसता घालाचा आन् काढाचा. कोनीच पायत नाई." मग आवाज आणखी खाली आला. "तुमाले पोळू नये म्हणून पयले माह्या हातावर करून पाहून राहिली होती."

गजाननभाऊंनी लेकीचा हात सोडला, खिशात हात घालायला गेले आणि मध्येच थांबले. मग बाहेर जाऊन सायकल उचलली. कांचन मागे बसली. तिचा पट्टीचा हात तिनं उंच धरला होता, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसा.

पुढचे दिवस मला जेवण गेलं नाही. मुख्याध्यापकांनी मला बोलावून 'हे असलं काही यापुढे नको' असं सांगितलं, त्यात त्यांचं चुकलं नव्हतं. उरलेले साचे मी एकटीनं, मुलांना अंगणात बसवून, भरून टाकले. शिबिराच्या शेवटी प्रदर्शन होतं. प्रत्येक हाताखाली नावाची चिठ्ठी होती. आईचा हात, आजीचा हात, काकांचा हात. एका हाताची जागा मी टेबलावर मोकळी ठेवली होती. का ठेवली होती ते माझं मलाच माहीत नव्हतं, ती पोरगी आता यायची नाही हे मी धरून चालले होते. माझ्याकडून एक चांगला हात जातो आहे, आणि भाजल्यामुळे नाही तर भीतीमुळे, हे राहून राहून मनात येत होतं. बापाला दोष देववत नव्हता.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मी सकाळी वर्ग उघडायला आले तर पायरीवर बाप-लेक बसलेले. गजाननभाऊंच्या मांडीवर स्टीलचा मोठा डबा, त्यावर ओलं फडकं.

"माठातलं पानी हाये जी," ते म्हणाले. "पोरीनं सांगतलं, टाकीचं चालत नाई. मंग म्हटलं घरूनच नेऊ."

तिला ते कसं कळलं होतं? खानसर तिला बघायला घरी गेले होते आणि जाताना सगळं समजावून आले होते, गरम पाणी, थंड पाणी, गोळा का तापतो. मी जे सांगायला हवं होतं ते त्यांनी सांगितलं. मला ते त्यांनी कधीही बोलून दाखवलं नाही. खानसरांचे आभार मी तेव्हा मानले होते, इथे पुन्हा मानते.

मी दार आतून लावायला गेले, तर गजाननभाऊ म्हणाले, "राहू द्या उघडं. वारा येते."

त्यांचं वाकलेलं बोट सपाट मातीवर टेकणार नव्हतं. म्हणून मी ट्रे बाजूला ठेवला, घमेल्यात मऊ मातीचा उंच गादीसारखा थर केला आणि म्हटलं, "भाऊ, हात सरळ करू नका. झोपेत जसा राहतो तसा ठेवा." त्यांनी ठेवला. कांचननं आपल्या डाव्या हातानं त्यांच्या पंजावर वरून दाब दिला, अगदी हळू, कडेकडेनं, बोटं नव्हती तिथेही. मी मागे सरकले. ते काम माझं नव्हतं.

हात निघाला. मातीत खड्डा राहिला. माठाचं पाणी मी कालवायच्या भांड्यात ओतलं आणि कांचननं डाव्या हातानं प्लास्टर भुरभुरवलं. मला ढवळू दिलं नाही. त्या पाण्यात प्लास्टर शांतपणे, आपल्या गतीनं घट्ट झालं. माती ब्रशनं धुऊन काढली तेव्हा बाहेर ऊन चढलं होतं. गजाननभाऊंनी तो पांढरा हात घेतला आणि खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहत राहिले.

"असा हाये का तो," ते म्हणाले. "मी त्याले इतके वर्सं नीट पायलंच नाई."

मी नोकरीभर मुलांना बघायला शिकवत होते. एवढा मोठा विद्यार्थी मला दुसरा मिळाला नाही.

कांचननं पावसाळ्यानंतर ग्रेड परीक्षा दिली. डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं होतं, डाग शोधावा लागत होता. पुढे ती अमरावतीला चित्रकलेच्या महाविद्यालयात आली आणि अजूनही घरी येते. आली की आधी स्वयंपाकघरात जाऊन माठातलं पाणी पिते, मग बोलते. लोक विचारतात, नोकरीत काय मिळालं? माझा तास मागून नेणाऱ्यांची मुलं आज कुठे कुठे मोठ्या हुद्द्यावर आहेत, मला त्यांचा आनंद आहे. पण एका मुलीची पाच बोटं जशीच्या तशी राहिली, आणि ज्या बापानं मला शाळेच्या फाटकात शिव्या द्यायच्या तो थंड पाणी घेऊन पायरीवर आला, याहून जास्त काही मागायला मला तोंड नाही. मी कृतज्ञ आहे. त्या खोबरेलाची, त्या करवतीची, त्या रांजणाची आणि त्या दोघांची.

प्रदर्शनाचं सांगायचं राहिलं. उद्घाटनाला एक निवृत्त अधिकारी आले होते. सज्जन गृहस्थ, प्रत्येक हात वाकून बघत होते, चिठ्ठ्या वाचत होते, मुलांना विचारत होते. पालकांची गर्दी होती. मागच्या भिंतीला टेकून गजाननभाऊ उभे होते, धुतलेला पांढरा सदरा आणि उजवा हात खिशात. पाहुणे कांचनच्या टेबलाशी आले. चिठ्ठी वाऱ्यानं उलटी पडली होती. त्यांनी हात बघितला आणि हळहळले.

"अरेरे, याची बोटं तुटली वाटतं नेताना-आणताना," ते मला म्हणाले. "मॅडम, हा बाजूला ठेवा. मुलीला वाईट वाटेल."

कांचन बोलायला गेली, मीही गेले. पण मागून आवाज आला.

"तुटला नाई जी, साहेब."

लोक बाजूला झाले. गजाननभाऊ पुढे आले. टेबलाशी आल्यावर त्यांनी खिशातून हात काढला आणि प्लास्टरच्या हाताशेजारी, सगळ्यांसमोर, चादरीवर ठेवला.

"तो तसाच हाये. माहा हाये. पोरीनं केला."